पहिल्या पानावरचं वाक्य

वेबसाइट चालली असती तर माझ्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडते. आठवड्याला बारा माणसं. बारा माणसांत खोलीचं भाडं, विजेचं बिल आणि पाण्याच्या यंत्राचा हप्ता निघून वर थोडं उरत होतं. शिवाय दारावर पितळी अक्षरांत ‘प्यो क्युंग-रान मानसिक समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावून बसले होते, तिला काही अर्थ आला असता. तिसरा फायदा मी कुणाला बोलून दाखवला नव्हता. वन्संच्या दुकानात लसूण सोलायला जावं लागलं नसतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. छोंगजूच्या जुन्या बाजारात त्यांचं तोंडीलावण्यांचं दुकान आहे आणि ते माझ्या सोळा प्रमाणपत्रांपेक्षा बरं चालतं. बावीस वर्षं शाळेत मुलांचं समुपदेशन करून त्रेपन्नाव्या वर्षी मी नोकरी सोडली आणि चौथ्या मजल्यावर खोली घेतली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “चुसोकच्या सणापर्यंत बघ. नाही जमलं तर सणाच्या आधी मला हात हवेच असतात. तू गिऱ्हाइकांशी गोड बोलशील, लोक दोन डबे जास्त नेतील.”

“वन्सं, माझं काम गोड बोलण्याचं नसतं.”

“मग लोक पैसे कशाचे देतात?” त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्या वेळी लोक देतही नव्हते, म्हणून मी वाद वाढवला नाही.

वेबसाइट गू साहेबांनी केली. आमच्या चर्चमधले गृहस्थ. दातांचे दवाखाने आणि लग्नाचे हॉल यांच्या साइट करण्यात त्यांचा हात बसलेला. ते म्हणाले, “बाई, मन काही दिसत नाही, म्हणून आपण समुद्र दाखवू.” पहिल्या पानावर समुद्रावरचा सूर्योदय आला. आमच्या प्रांताला समुद्र लागत नाही, पण मला तेव्हा तो शोभून दिसला. सूर्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘तुमच्या मनाचा सोबती’ असं लिहिलं होतं. त्याखाली माझी सोळा प्रमाणपत्रं, प्रत्येकाचा शिक्का वाचता येईल एवढी मोठी. सोळांतलं एक दोन दिवसांच्या वाळूच्या खेळाच्या शिबिराचं होतं, ते गाळावं असं मला वाटलं होतं. गू साहेब म्हणाले, पंधरा विचित्र दिसतात. फीच्या जागी ‘फोनवर विचारावी’ असं लिहिलं, कारण फी लिहिली की माणूस पळतो, हा त्यांचा दातांच्या दवाखान्यातला अनुभव.

आणि फोटो. फोटोवाल्यानं विचारलं, “हनुवटी थोडी आत घेऊ?” आमच्याकडे ओळखपत्राचा फोटोसुद्धा हनुवटी आत घेतल्याशिवाय कुणी काढत नाही, त्यामुळे मी म्हटलं, घ्या. मग त्यानं गालाची हाडं घेतली, तीळ घेतला, डोळ्यांखालची बावीस वर्षं घेतली. उरली ती पस्तिशीची, रेशमी केसांची, शांत बाई. मला ती इतकी आवडली की तिची मोठी प्रत काढून मी खोलीच्या बाहेरच्या बैठकीत टांगली. साइटचे अठरा लाख वॉन, फोटोचे दीड लाख. सेवानिवृत्तीच्या रकमेतून दिले.

जून आणि जुलैमध्ये साइटवरून तीन फोन आले. पहिला गू साहेबांचा, फोन लागतो का बघायला. दुसरा पाण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा. तिसरा शेजारच्या गणिताच्या क्लासमधल्या एका मुलाच्या आईचा, उद्या क्लासला सुट्टी आहे का विचारायला. तिच्याशी मी चाळीस मिनिटं बोलले.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी मी रबरी हातमोजे घालून एसीची जाळी धूत होते. अंगात नवऱ्याचा जुना टी-शर्ट, डोक्याला रुमाल. दार उघडलं आणि तिशीच्या पुढची एक मुलगी आत डोकावली. गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची निळी दोरी, ओळखपत्र मात्र खिशात कोंबलेलं. तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मावशी, बाई आहेत का?”

आता इथे खरं तर एक शब्द बोलायचा होता. पण तो बोलायचा म्हणजे तिला फोटोकडे पुन्हा एकदा बघावं लागलं असतं, मग माझ्याकडे पुन्हा एकदा. मला ते दोन क्षण सोसवले नसते. दुसऱ्यांना स्वतःला आहे तसं स्वीकारायला शिकवण्याचा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

“बाहेर गेल्यात,” मी म्हणाले.

“बरंच झालं. मला फक्त फी विचारायची होती. साइटवर लिहिलंय फोन करा. फी विचारायला फोन करायचा, मग महाग आहे म्हणून फोन ठेवायचा, एवढी हिंमत असती तर मी इथे कशाला आले असते?”

“पन्नास मिनिटांचे ऐंशी हजार,” मी म्हणाले.

ती हसली. “तेवढ्या पैशांत माणसाचं दहा दिवसांचं जेवण होतं.” आणि जायला वळली. बाहेर छत्तीस अंशांचं ऊन होतं. हातातली जाळी बसवून मी एसी लावला. म्हटलं, “बस जरा. बार्लीचा चहा थंड केलाय. बाई काही लगेच येत नाहीत.”

बाई लगेच येत नाहीत हे मला खात्रीनं माहीत होतं.

ती बसली. नाव सांगितलं दा-जोंग. आणि चहाचा दुसरा पेला संपायच्या आत, सोळा प्रमाणपत्रांच्या बाईला जे काढून घ्यायला पाच आठवडे लागले असते, ते तिनं टी-शर्टातल्या मावशीला सांगून टाकलं. अंथरूण-पांघरूण विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात ती कामाला होती. मालाची पानं लिहायची: उशीचं पान, दुलईचं पान. लोक ते पान वाचून खरेदी करतात. फेब्रुवारीत तिला काढून टाकलं. घरी सांगितलं नाही. आई रोज डबा देते. ही सात चाळीसला ओळखपत्राची दोरी गळ्यात घालून निघते, नगर वाचनालयात संध्याकाळी सहापर्यंत बसते आणि घरी येऊन आज ऑफिसात काय झालं ते सांगते.

“काय सांगतेस?” मी विचारलं.

“माझ्या वरिष्ठांचं लग्न ठरलंय. मीच ठरवलंय. आता आई विचारते आहेर किती करायचा.”

मी हसले. समुपदेशक हसत नाही, मावशी हसते. तीही हसली. मग म्हणाली, “मावशी, सकाळी अगदी वेळेवर घराबाहेर पडायचं आणि जायला कुठेच नाही. बसस्टॉपवर सगळे घाईत असतात ना, तर मीसुद्धा घाईत चालते.”

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा आली. दारातूनच विचारलं, “बाई आहेत?” मी म्हटलं, नाहीत. “मग येते आत.” असे पाच मंगळवार झाले. बाई नसतात, मावशी असते, एसी चालू असतो. मी दर सोमवारी ठरवत होते की उद्या सांगायचं. दर मंगळवारी हातमोजे घालत होते. दुसऱ्या खेपेपासून तर जाळी स्वच्छच होती, तरी धूत होते.

आणि खरी गोम इथे आहे. ती आपलं दुःख सांगायची त्यापेक्षा जास्त वेळ माझ्या साइटची चिरफाड करायची. तो तिचा धंदाच होता.

“मावशी, तुमच्या बाईंनी समुद्र का टाकलाय? मी आधी सहलीची कंपनी समजले.”

“त्यांना आवडतो.”

“त्यांना आवडून काय उपयोग? रात्री झोप लागत नाही म्हणून एखादी मोबाइल उघडते. तिला हवं असतं की इथे माझ्यासारखी माणसं येतात का, पैसे किती, आणि आत शिरताना कोणी बघेल का. हे तिन्ही सोडून सगळं आहे. सोळा प्रमाणपत्रं. वाळूत खेळायचं पण प्रमाणपत्र असतं का हो?”

“दोन दिवसांचं,” मी म्हणाले.

“आणि लिफ्ट. लिफ्टमध्ये कायम क्लासच्या मुलांच्या आया. चौथ्या मजल्याचं बटण दाबलं की बघतात, मूल कुठंय हिचं. मी मागच्या जिन्यानं येते, ड्रायक्लीनरच्या बाजूनं. तो जिना साइटवर कुणी लिहिलाच नाहीये.”

त्या संध्याकाळी मी गू साहेबांना फोन केला. मागच्या जिन्याचा रस्ता टाका. ते म्हणाले, बाई, मागचा जिना दाखवणं बरं दिसत नाही. दर बदलाचे तीस हजार पडतील. पडू देत म्हटलं. पुढच्या आठवड्यात फी लिहिली. त्याच्या पुढच्या आठवड्यात, इथल्या नोंदी कुठल्या विमा कंपनीकडे किंवा नोकरीच्या ठिकाणी जात नाहीत, असा साध्या भाषेतला खुलासा. तो दा-जोंगनं मला तोंडी करून दाखवला होता, मी भांडी विसळता विसळता पाठ केला. मग पहिल्या भेटीत काय होतं, कुठे बसायचं, रडू आलं तर चालतं का. प्रमाणपत्रं तीनवर आली. गू साहेब म्हणाले, पान उघडं पडलं.

दा-जोंग खूश. “तुमच्या बाई हुशार आहेत हं. माझ्या मनातलंच करतायत.”

“त्या तशा बऱ्या आहेत,” मी म्हणाले. मला कौतुकाचा लोभ आहे, भले ते माझ्यामागे होवो की समोर.

“पण तो फोटो बदलायला सांगा त्यांना. ही बाई कधी रडली असेल असं वाटत नाही. हिच्यापुढे मी नाक कसं शिंकरू?”

तो एक बदल मला करता येईना. खरा फोटो टाकला असता तर मावशी गेली असती, आणि मावशीबरोबर दा-जोंग. माझ्या केंद्रावर विश्वास ठेवणारं अख्ख्या छोंगजूत ते एकच माणूस होतं, आणि तेही केंद्राच्या मोलकरणीवर.

एवढं करूनही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन फोन आले, त्यातला एक माणूस आला आणि पुन्हा आला नाही. चुसोक तीन आठवड्यांवर. वन्संचा निरोप: लसणाची पोती आलीत, एप्रन धुऊन ठेवलाय.

मी समुद्र आणि सूर्यही काढायला सांगितलं. गू साहेब म्हणाले, “सूर्य काढला तर तिथे काहीतरी हवं ना? एक वाक्य द्या. ज्यानं वाचलं त्याला वाटलं पाहिजे, हे माझंच.”

मी रात्रभर वाक्यं केली. ‘मनाच्या थकव्याला विसावा.’ ‘ऐकणारं कोणी हवं?’ उशीचं पानसुद्धा यापेक्षा बरं असतं. आणि एक वाक्य तयार बसलं होतं. तिच्याच शब्दांत, बसस्टॉपच्या घाईसकट. ते मी बनवलं नव्हतं.

मी हिशोब असा मांडला. नाव नाही. गाव नाही. उशी नाही, वाचनालय नाही. शिवाय तिनं समुपदेशकाला काही सांगितलेलंच नाही. तिची फाइल नाही, सही नाही, फी नाही. सांगितलं ते मावशीला, आणि मावशीनं गुप्ततेची शपथ कुठे घेतली होती? गुप्ततेवर मी शिक्षकांची शिबिरं घेतलेली आहेत. शिबिरात कुणी मला हा हिशोब दाखवला असता तर सगळ्यांसमोर लाल शाईनं खोडला असता. स्वतःचा असल्यामुळे मी तो बरोबर धरला.

सोमवारी सूर्य गेला आणि पांढऱ्या पानावर वाक्य आलं: ‘सकाळी अगदी वेळेवर घराबाहेर पडता, आणि जायला कुठेच नसतं? बसस्टॉपवर सगळे घाईत असतात म्हणून तुम्हीही घाईत चालता?’

आठ दिवसांत सात फोन आले.

सातही जणांना ते वाक्य आपलं वाटलं. नोकरी गेलेला बँकेतला माणूस. परीक्षेत चौथ्यांदा नापास होऊन क्लासला जातो असं घरी सांगणारा. एक बाई, जिचा नवराच वारला होता आणि तरी ती त्याच्या डब्याच्या वेळेला उठत होती. मी वही काढली. सात जणांतले पाच आले तरी भाडं अर्ध्याहून जास्त निघत होतं. वन्संना कळवलं, यंदा जमणार नाही. त्या म्हणाल्या, “गोड बोलायला लागलीस वाटतं.”

मधला मंगळवार दा-जोंग आली नव्हती. तिला ताप होता. पुढच्या मंगळवारी आली तेव्हा तिच्या हातात दोन खोके होते, सोनेरी कागदातले. चुसोकला कंपन्या नोकरांना डबाबंद हॅम आणि तेलाच्या बाटल्या देतात, तसले.

“एक घरी न्यायचा,” ती म्हणाली. “कंपनीनं दिला म्हणून. आई गेल्या आठवड्यापासून फडताळात जागा करून बसलीय. सुपरबाजारात एकावर एक फुकट होता, तर दुसरा तुमच्यासाठी. तुमच्या बाई देणार आहेत का काही?”

“नाही,” मी म्हणाले. खरं उत्तर होतं ते.

“वाटलंच होतं. त्या फोटोकडे बघूनच कळतं.”

मी खोका हातात घेतला. माझ्या लक्षात आलं की आता सांगायचंच, याच क्षणी, हातमोजे काढून. मी एक हातमोजा काढलाही. आणि फोन वाजला.

वाजू दिला असता. पण आठव्या माणसाचा फोन वाजू देण्याएवढी मी मोठी नाही. उचलला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते, ऐकायला कमी येत असावं, कारण ते बाजारात ओरडावं तसे बोलत होते. बैठक एवढीशी. प्रत्येक शब्द बाहेर येत होता.

“प्यो बाई आहेत का?”

मी दा-जोंगकडे पाठ केली. “बोलतेय.”

“कोण बोलतंय?”

“प्यो बोलतेय. प्यो क्युंग-रान. मीच.”

“हां. मुलानं मला तुमचं पान दाखवलं. ते वाक्य, थांबा, चष्मा लावतो.” आणि त्यांनी ते सगळं वाचलं, सावकाश, पहिलीच्या पोरासारखं एकेक शब्द लावत. सकाळी. अगदी. वेळेवर. जायला कुठेच नसतं. बसस्टॉपवर. घाईत.

मी त्यांना गुरुवारची वेळ दिली आणि फोन ठेवला. वळले. दा-जोंग फोटोकडे बघत होती.

“तुमची हनुवटी कुठे गेली?” तिनं विचारलं.

“फोटोवाल्यानं घेतली.”

“तीळ पण?”

“तो पण.”

तिनं मोबाइल काढला, साइट उघडली आणि वाचलं. मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. मी समोर बसले, एका हातात हातमोजा होता तसाच. आता मी तिला तुम्ही म्हणावं की तू, तेही मला ठरवता येईना.

“दा-जोंग, तुमचं नाव त्यात नाही,” मी म्हणाले. “कोणाला कळणार नाही. सात फोन आले, सातही जणांना वाटलं, हे आपलंच. म्हणजे ते फक्त तुमचं नव्हतंच.”

“सात जणांचं असेल,” ती म्हणाली. “पण सांगितलं मी. त्यांनी कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं कुणाला, तर एका मावशीला, जिला ते कुठे लिहिता येणार नाही असं मला वाटत होतं.”

“माझं चुकलं.”

“मी मालाची पानं लिहायचे, बाई. मला माहितीय, एवढं चांगलं वाक्य बसून सुचत नाही. कुणाच्या तरी तोंडातून काढावं लागतं. उशीच्या पानासाठी मी माझ्या आजीचं वाक्य वापरलं होतं. पण तिला विचारलं होतं मी. ती म्हणाली, पैसे देतील का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, तरी लिही.” ती उठली. “तुम्ही विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते आता आपल्या दोघींनाही कळणार नाही.”

“विचारते आता.”

“आता नाही म्हणते.”

तिनं आपला खोका घेतला. मला दिलेला घेतला नाही. मी तो पुढे केला, तर म्हणाली, “तो मावशीला दिलाय. भेटली तर द्या.” आणि मागच्या जिन्यानं गेली.

मी गू साहेबांना फोन करून वाक्य काढायला सांगितलं. त्यांनी कुठलं वाक्य ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “बाई, माझ्या अकरा वर्षांत असं वाक्य चाललेलं मी पाहिलं नाही. दातवाले तर याच्यासाठी भांडतील. काढायचं?”

“आज.”

“तीस हजार पडतील.”

“पडू देत.”

तिथे दुसरं काही टाकलं नाही. आता पहिल्या पानावर फी आहे, जिन्याचा रस्ता आहे आणि वन्संनी दुकानात काढलेला माझा फोटो आहे, एप्रनसकट. एप्रन कापायला गू साहेब तयार होते, मी नको म्हटलं. फोन महिन्याला एखादा येतो. सात आणि ते म्हातारे, या आठांतले पाच टिकले. पाचांत भाडं पूर्ण निघत नाही, म्हणून बुधवार-शनिवार सकाळी मी बाजारात असते. वन्सं मागून बघत असतात. “पातळ सोल. निम्मी पाकळी सालीबरोबर टाकतेस. शाळेत असंच काम करायचीस का?”

चुसोक झाल्यावर तीन आठवड्यांनी एक ईमेल आलं. मजकूर नव्हता, फक्त बिल जोडलेलं. वर तिचं नाव आणि नव्या स्वतंत्र धंद्याचा नोंदणी क्रमांक, पत्ता घरचा. नोंदणीची आणि कराची कागदं पोस्टानं घरी येतात, आणि त्या घरात पोस्ट आई उघडते, हे तिनंच कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे आईला आता कळलं होतं. कसं कळलं, सणाच्या जेवणात सांगितलं की खोका फडताळात ठेवताना, ते विचारायचा हक्क माझा राहिला नव्हता. बिल वाचलं.

फीचा तक्ता आणि त्याची मांडणी, ऐंशी हजार. मागच्या जिन्याच्या वाटेचा मजकूर, साठ हजार. नोंदींबद्दलचा खुलासा, एक लाख वीस हजार. पहिल्या भेटीचं वर्णन, एक लाख वीस हजार. प्रमाणपत्रं कमी करण्याचा सल्ला, विनामूल्य. शेवटच्या ओळीत, पहिल्या पानाचं वाक्य, नग एक. आणि रकमेच्या रकान्यात ‘विकलेलं नाही’. एकूण तीन लाख ऐंशी हजार, दहा दिवसांत.

मी त्याच दुपारी भरले, लसणाच्या हातांनी. उलट बिल करण्याचा विचार मनात आला नाही असं म्हणत नाही: सहा मंगळवार, दर वेळी दीड तास, बार्लीचा चहा. पण ते मावशीचे तास होते, आणि मावशी फी घेत नाही.

तर जमाखर्च असा. गू साहेबांचे, बदलांसकट, मी दिले. फोटोवाल्याचे मी दिले. दा-जोंगचे तीन लाख ऐंशी हजार मी दिले. ते म्हातारे आणि बाकीचे चौघे दर आठवड्याला मला ऐंशी ऐंशी हजार देतात, आणि ते ज्या वाक्यामुळे आले, त्याचे मी कुणाला दिलेले नाहीत. त्याचं जे काही द्यावं लागलं, ते दा-जोंगनं दिलं, आपली मंगळवारची मावशी गमावून.